सुनंदाची दाढी

आता काय सांगू तुम्हाला, लोक लग्नं मोडतात ती मानपानावरून, नाहीतर पत्रिकेवरून. मी आमच्या वसंताचं लग्न मोडत आणलं होतं दाढीवरून. आणि दाढी त्याची नव्हे हो, मुलीची!

हसू नका. चहा घ्या आधी, मग ऐका.

वसंता म्हणजे माझा पुतण्या, थोरल्या जाऊबाईंचा मुलगा. अमेरिकेत शिकायला होता, महिन्याच्या सुट्टीवर आलेला. जाऊबाई गावाकडं, केमला, त्यांना शेत सोडून हलता येईना. म्हणून मुली बघायचं काम आमच्याकडं, भवानी पेठेत. त्यांनी मला बजावलं होतं, "तुझ्या नजरंखालनं गेल्याबिगर व्हय म्हणू नगंस. आपल्या घरातलं बाप्ये आंधळं हायेत."

खरंच आहेत! मोडनिंबची मुलगी बघायला जायचं ठरलं आणि नेमका मला ताप. मग आमचे हे आणि वसंता, दोघंच जाऊन आले. दारातच मी विचारलं, "मुलगी कशी आहे?"

"चांगली हाय की."

"उंचीला?"

"हाय की."

"रंग?"

"रंग... असंल की!"

पंचवीस वर्षं या माणसाशी संसार केलाय मी.

वसंता नुसता हसत होता. दोन दिवसांनी 'तिच्याशी जरा बोलायचंय' म्हणून एकटाच परत मोडनिंबला गेला, आला तो आणखीच हसत. रविवारी साखरपुडा ठरला. सुट्टी संपत आलेली. हे स्थळ गेलं तर पोरगा तसाच परत विमानात बसणार!

बरं, उरलेल्या वेळात हा काय करायचा? खेळ! अमेरिकेहून काकूला आणलं काय, तर फासे. तेही कसले? एकाला आठ बाजू, एकाला वीस. शाळेतले दोन मित्र, व्यंकटेश आणि इस्माईल, रोज दुपारी हजर. पट नाही, सोंगट्या नाहीत. फासे टाकायचे आणि भांडायचं!

व्यंकटेशचं म्हणणं, "सोंग घेतलं की त्यात शिरायला पाहिजे. मी पुजारी झालो की पुजाऱ्यासारखंच बोलणार." इस्माईलला ते अजिबात खपायचं नाही. "बाता कायकू रे? राक्षस को मार, खजिना उठा, चल आगे!" एकदा तर व्यंकटेशचे फासे वाईट पडले. "परत टाकू दे की!" "नै, जो पड्या सो पड्या!" तासभर तेच! शेवटी मीच स्वयंपाकघरातून ओरडले, "पडलं ते घ्या, आणि गप जेवायला या!"

सोंगट्यांचाच काहीतरी अमेरिकन प्रकार असेल, म्हणून मी पुढं त्यात डोकं घातलं नाही. घातलं असतं तर हा किस्सा तुम्हाला ऐकायला मिळाला नसता.

गुरुवारी धुणं भिजवताना वसंताच्या शर्टाच्या खिशात एक कागद सापडला. वर नाव: सुनंदा. म्हणजे हीच की मोडनिंबची! खाली सगळं इंग्रजीत. मी मॅट्रिक झालेली बाई, अडले नाही.

शक्ती: सोळा. बुद्धी: नऊ. शहाणपण: बारा. आकर्षण: सहा.

अगं बाई! पोरगा मुलीला गुण देतोय! पण खोटं कशाला बोलू, मला कौतुकच वाटलं. पत्रिकेवर याचा विश्वास नाही. भटजी छत्तीसपैकी गुण जुळवतात, हा आपला स्वतःच जुळवतोय. अमेरिकेत अशीच पद्धत असेल!

मग खाली वाचलं. उंची: चार फूट. वय: बेचाळीस.

बेचाळीस! म्हणजे माझ्याएवढी!

आणि त्याखाली एक शब्द. अर्थ मला माहीत होता, तरी धाकट्याची डिक्शनरी काढून खात्री केली. दाढी. पुढं लिहिलेलं: लांब. त्याखाली, हत्यार: कुऱ्हाड.

तुम्ही म्हणाल, वसंतालाच विचारायचं की! पण तो गेला होता केमला, आईला आणायला. मग ह्यांना विचारलं, "अहो, मुलीला दाढी होती का?"

पेपरातनं मान वर न काढता हे म्हणाले, "तेवढं बघितलं न्हाय बुवा."

बघितलं नाही! दाढी!

दुसऱ्या दिवशी ह्यांना ओढत एसटीनं मोडनिंब गाठलं. एका उंच, तरतरीत मुलीनं दार उघडलं. हनुवटी कशी गुळगुळीत! मी अगदी जवळ जाऊन बघितली, ती बिचारी दोन पावलं मागं सरकली. पाणी दिलं, पोहे आणले.

"ही आमची सुनंदा," वडील म्हणाले.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फसवणूक! दाखवायची धाकटी आणि अंतरपाटामागं उभी करायची थोरली! असलं काय कमी ऐकलंय आपण?

मी बशी खाली ठेवली. "आता ती दुसरी दाखवा."

"दुसरी कोन?"

"थोरली. बुटकी. बेचाळीस वर्षांची."

"आवो ताई, हितं एकच पोरगी हाय. माझं सोताचं वय एकावन्न हाय की!"

"मग दाढी कुणाला आहे?"

सगळे दारातल्या बोकडाकडं बघायला लागले.

सुनंदाची आई रडवेली झाली. वडील उठून उभे राहिले. "पोरगी पसंत नसंल तर तसं सांगा. पर दारात येऊन असलं बोलू नगा."

मी कसली ऐकते! कागद त्यांच्यापुढं आपटला. "हे बघा पुरावा. कुऱ्हाडसुद्धा लिहिलीय!"

सुनंदानं कागद उचलला. वाचला. तोंडाला पदर लावला आणि हसत हसत भिंतीला टेकून खालीच बसली.

"काकू, तो बुटक्या मीच हाय!"

"म्हणजे?"

"त्यांच्या खेळातलं माझं सोंग हाय ते. त्यांनी इचारलं, तुला कोण व्हायचंय? राणी हो, न्हायतर जादूगारीण हो. मी म्हटलं, पोह्याच्या बशा घेऊन तर जल्मभर हिंडायचंच हाय, खेळात तरी दाढी ठेवून, कुऱ्हाड घेऊन डोंगरात हिंडते की! आन् हे गुण त्यांनी न्हाय दिले, फाशांनी दिले."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे माझीही बशी संपवत होते.

"मी म्हटलं नव्हतं," हे म्हणाले, "चांगली हाय की!"

तिच्या वडिलांच्या मी इतक्या वेळा पाया पडायला निघाले, की शेवटी ते हसायलाच लागले. साखरपुडा रविवारीच झाला. आठवड्यानं लग्न. जाऊबाईंना यातलं अवाक्षर कळलं नाही, निदान माझ्याकडून तरी.

लग्नानंतर चार दिवसांनी सगळे आमच्या बाहेरच्या खोलीत खेळायला बसले. सुनंदानं मलाही ओढलं. पेन्सिल तिच्या हातात. "काकू, शहाणपणासाठी हे तीन फासे टाका."

टाकले. एक. एक. एक.

याहून खाली फासे जातच नाहीत.

व्यंकटेश हळूच म्हणाला, "परत टाका की, काकू." इस्माईल, अहो, तो इस्माईलसुद्धा म्हणाला, "एक बार चलता, काकू."

मी हात पुढं केला, तर सुनंदानं फासे उचलून मुठीतच धरले. "पडलं ते घ्या, काकू. तुमचाच नियम हाय म्हणं. ह्यांनी सांगितलंय मला."

तिनं ठळक अक्षरात लिहिलं, शहाणपण: तीन. आणि मला न विचारता त्याखाली आणखी एक ओळ.

दाढी: गुडघ्यापर्यंत.