इबिसिकीची आतली वाट

सोटोन्ये मास्तरांच्या नजरेत इबिसिकी पहिल्यांदा भरली ती ओपुबोको बेटावरच्या शाळेच्या पायरीवर. भाच्याचं नाव घालायला आली होती, डोळे लालभडक. तिची बहीण नुकतीच वारलेली, म्हणून मास्तर हळूच म्हणाले, "रडू नकोस, बाई."

"रडायला सवड कुठाय, मास्तर? मासे धुरीला लावून आलेय. नाव लिहा लवकर, खालचे करपतील."

तो भाचा, मिएबी, मोठा होऊन बेटावरच्याच गॅस प्रकल्पात लागला. नायजेरियाचा गॅस तिथे थंड करून द्रवरूप करतात आणि जहाजांत भरून परदेशी पाठवतात. प्रकल्पामुळे बेटावर वीज आली, दवाखाना आला, हे इबिसिकी कुणालाही ठणकावून सांगे. तिची चूल मात्र खारफुटीच्या लाकडावरच राहिली.

मग जहाजांसाठी नवा धक्का बांधायचं ठरलं. त्यात खाडीची आतली वाट बुजणार होती. बायका होड्या वल्हवत मासे बाजारात न्यायच्या त्या ह्याच वाटेने. बाहेरून समुद्राचा वळसा म्हणजे दोन तास जास्त, आणि लाटा. गावप्रमुखांच्या अंगणात सभा भरली. कंपनीचे ओकॉन साहेब नकाशा पसरून म्हणाले, "वाटेच्या बदल्यात सभागृह बांधून देऊ."

"त्यात होड्या वल्हवायच्या का आम्ही?" इबिसिकीने विचारलं. सगळं अंगण हसलं.

मिएबी घाईघाईने उठला. त्याची नोकरी अजून कायम व्हायची होती. "मावशी, जहाजं थांबली तर पगार थांबतील. गॅस इथे ठेवला तर घेणार कोण?"

"मी घेईन की! माझ्या चुलीला विचारलंय कुणी? जपानातल्या बाईचा भात आमच्या गॅसवर शिजतो आणि मी इथे खोकतेय." मग तिचा आवाज खाली आला. "पण बस तू. जहाजं जाऊ देत, बाबा. तुला माशांनी शिकवलं, तुझ्या लेकरांना जहाजं शिकवतील. मला फक्त माझी वाट हवी. साहेब, नकाशावर बोट फिरवताय ते ठीक. उद्या सकाळी माझ्या होडीत बसा, बाहेरून बाजारात जाऊ."

प्रमुख बघत होते. साहेबांना नाही म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब परतले ते बूट हातात घेऊन, डोक्यापासून भिजलेले. काठावर मास्तर उभे होते. त्यांना इबिसिकी म्हणाली, "माणूस वाईट नाही हो. होडीत पाणी शिरलं तर वाडग्याने भराभरा उपसत होता."

धक्का झालाच, पण खांब पलीकडे सरकले आणि दोन होड्यांपुरती वाट राहिली. जहाज लागतं त्या दिवशी तीही बंद असते. बायका मासे घेऊन बसून राहतात आणि यथेच्छ शिव्या घालतात. मिएबी कायम झाला. गॅसच्या चुलींचा अर्ज कंपनीत पडून आहे. इबिसिकी दर महिन्याला जाऊन विचारते. मास्तरांनी एकदा तिचं कौतुक केलं तर म्हणाली, "अर्धीच तर वाट मिळाली."

आज ती एकसष्ट वर्षांची आहे, आणि आठवड्यातले चार दिवस स्वतः होडी वल्हवत बाजाराला जाते.