एरंडेल लावलेला वेटसूट

माझा वेटसूट पहिल्यांदा घरी आला, तेव्हा आबांनी तो दोन बोटांत धरून उचलला, वास घेतला आणि विचारलं, "हाई काय शे व माय? म्हईसनं कातडं?"

आबा म्हणजे माझे वडील. तापीकाठच्या गावातून त्यांना शहाद्याला माझ्याकडे आणताना माझा घाम निघाला होता. आई गेली, त्यांचे गुडघे गेले, भाऊ सुरतेला तिसऱ्या मजल्यावर. तिथून ते आठ दिवसांत परत आले. राहिले मी. पण लेकीच्या घरी राहायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येई. त्यांच्या पिढीत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. शेवटी त्यांनी स्वतःच एक पळवाट काढली : आधी काम, मग पाणी. सकाळी उठून अंगण झाडायचं, लसूण सोलायचा, काहीच सापडलं नाही तर माझी सायकल पुसायची, आणि मगच तांब्याला हात लावायचा. बाप पाहुण्यासारखा वागतो याचा मला भारी राग येई. पण बोलून उपयोग नव्हता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि इथे तर सुंभही चांगला धडधाकट होता.

तर वेटसूट. पंचेचाळिशीला आल्यावर मला पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी स्पर्धेचं खूळ लागलं. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेत थंड पाण्यात पोहायचं होतं, म्हणून नाशिकच्या मैत्रिणीने आपला वापरलेला सूट मला दिला. दर रविवारी सकाळी मी आणि सोबत पोहणारी एक बाई तोरणमाळच्या तलावावर जायचो. हिवाळ्यात त्या पाण्यात पाय घातला की शुद्ध मराठीतल्या शिव्यासुद्धा आठवत नाहीत. जाड मऊ रबराचा हा सूट अंग गरम ठेवतो आणि माणसाला तरंगतंही ठेवतो, असं मी आबांना सांगितलं. तसे ते एकदम खुलले.

"मंग हाऊ ते भोपळा शे!"

मी सहा वर्षांची असताना पाठीला सुका भोपळा बांधून त्यांनी मला तापीत पोहायला शिकवलं होतं. त्या दिवसापासून घरात सूटचं नाव भोपळा पडलं आणि आबांनी त्याची सगळी चाकरी स्वतःकडे घेतली. मी एकदाच शिकवलं. साध्या पाण्यात आतून-बाहेरून खळबळायचा. पिळायचा नाही. उलटा करून सावलीत वाळवायचा, आणि खांद्यांवर टांगायचा नाही, कमरेत दुमडून जाड दांडीवर टाकायचा. आबांनी गोठ्यातला जुना बांबू गावाहून मागवला आणि मागच्या पडवीत बांधला. घालताना पायात प्लास्टिकची पिशवी चढवली की पाय सरकन आत जातो, ही युक्ती तर त्यांना इतकी आवडली की शेजारपाजारी सांगत फिरले. रविवारी तेही जीपमधून घाट चढून येत. सूटची चेन पाठीवर असते. काठावर मी पाठ करून उभी राहायचे, आबा दोन्ही कडा जवळ धरून चेन वर ओढायचे आणि पाठीवर थाप मारायचे. मला ती थाप फार आवडायची. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, हा माझा मूर्खपणा.

स्पर्धेला दहा दिवस उरले होते. मी कॉलेजातून तास संपवून आले, तर आबा पडवीत बाकावर बसलेले, मांडीवर सूट, शेजारी एरंडेलाची बाटली. फडक्याने बाही चोळून चोळून आरशासारखी केली होती.

मी रसायनशास्त्र शिकवते. रबर आणि तेल यावर मुलांना दरवर्षी ऐकवते. माझं डोकंच फिरलं.

"आबा, हाई काय करी ठेवं! तेलवरी रबर खराब व्हस!"

"मोटले आम्ही असंच तेल देवूत," ते शांतपणे म्हणाले. "नै दिधं ते कातडं तडकस."

चामड्याच्या मोटेने विहिरीचं पाणी ओढायचे तेव्हा ते पोरसवदा होते, आणि मोटेला एरंडेल चोळणं हे त्यांचं काम होतं. मला हे माहीत होतं. तरी मी थांबले नाही. तेवढ्यात बाहीवर चंद्रकोरीसारखी चीर दिसली आणि मी किंचाळले, "आन् तुमना नखं दखा आधी, नखं! आते हात नका लावा!"

आबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. शेतात झिजून शिंगासारखी झालेली ती नखं. सूट त्यांनी बांबूवर टाकला, नीट, कमरेत दुमडून, आणि आत गेले.

मी तणतणत साबणाच्या पाण्याने बाही चोळत बसले. अर्ध्या तासाने पाहते तर घरात आबा नाहीत, खुंटीवरची त्यांची कपड्यांची पिशवी नाही. चूक झालीच होती. पण ती तेलाची नव्हती. चीरसुद्धा, आता आठवलं, गेल्या रविवारी घाईघाईत माझ्याच नखाने पडली होती.

स्कूटर काढून स्टँडवर गेले. फलाट पाहिले, कॅन्टीन पाहिलं. आबा समोरच्या कटिंगच्या दुकानात खुर्चीवर बसले होते, मांडीवर पिशवी, आणि न्हावी त्यांच्या अंगठ्याचं नख काढत होता.

"गाडी नै लागनी आजून," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

रस्त्यापलीकडे आमच्या गावची एसटी पाटी लावून उभी होती. मी तिचा विषय काढला नाही.

"आबा, चूक मन्ही शे. चीर बी मन्हाच नखनी शे," मी म्हटलं आणि रडूच आलं. "तुम्ही ग्यात ते मन्ही चेन कोन ओढी?"

त्यांनी दहाही बोटं माझ्यापुढे धरली. "दख, नखं काढेल शेतस."

घरी आल्यावर मी पडवीत सूट पुन्हा साबणाने धुवायला घेतला. एरंडेलाचा वास काही गेला नाही, रबराला मात्र काही झालं नव्हतं. आबा माझ्याशेजारी बाकावर बसले. झाडू घेतला नाही, लसूण मागितला नाही, हात मांडीवर ठेवून नुसते बसले.

"पानी दे व माय," ते म्हणाले.

मी फेसाळ हातांनीच तांब्या भरून आणला.