लाल फडक्याची शर्यत

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात रतनइतका लाजाळू माणूस नसेल, आणि कॅमेरा डोळ्याला लावला की त्याच्याइतका धीटही कोणी नसेल. लग्न असो की नव्या होडीची पूजा, तो कमरेइतक्या पाण्यात उभा राहून शूटिंग करी. तरी त्याचं नाव झालं ते एका फसलेल्या शूटिंगमुळे.

बऱ्याच वर्षांपूर्वी नारळी पुनवेला खाडीत होड्यांची शर्यत लागली होती. खाडीच्या तोंडाशी बांबू रोवून त्याला लाल फडकं बांधलं होतं. होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, बसलेल्या गड्याने फडकं आधी धरलं की ती होडी जिंकली. सदाची आणि बाळाजीची होडी एकदमच पोचली. फडकं टर्रकन फाटलं आणि दोघेही अर्धं अर्धं नाचवत किनाऱ्याला लागले.

"रतनने शूटिंग केलंय, त्यात बघू," असं ठरलं. बघितलं, तर दोन्ही हात फडक्यावर, एकमेकांत कालवल्यासारखे.

"रतनच्या पिक्चरात सगळं दिसतं," सदा म्हणाला, "निस्ता जिंकणारा दिसत न्हाय!"

ते वाक्य गावाने उचललं. हसत हसतच, पण रतनला बोलावणं कमी झालं. आता त्याच सदाच्या विनेशचं बाळाजीच्या दिशाशी लग्न ठरलं होतं आणि शूटिंगला अलिबागचे ड्रोनवाले सांगितले होते.  त्यानंतर दोन दिवस जेवताना रतनने मीठ जास्त झाल्याची तक्रारही केली नाही, तेव्हा त्याची बायको किशोरी काय ते समजली.

"ती शर्यतीची कॅसेट हाय ना अजून? हळदीला लावा. शर्यतीवरून दोघं व्याही अजून भांडतात, मजा येल."

"आणि पुन्हा काही दिसलं नाही तर?"

"तर काय, आताच कुठं दिसतंय?"

मुलीने दिलेला कॉम्प्युटर रतनने पुढ्यात घेतला. कॅमेरा आता कॅसेट चावायला लागला होता. एकदा कॉम्प्युटरवर नीट उतरली तर उतरली, नाहीतर शर्यत कायमची बुडाली. कॉम्प्युटरने पहिलाच प्रश्न केला: चित्राचा आकार मोठा हवा की पूर्ण? रतनने कपाळावर हात मारला. तेव्हा, शर्यतीनंतर दुकानातल्या कॉम्प्युटरवर कॅसेट उतरवताना, त्याने 'मोठा' निवडला होता. पापलेटच्या लिलावात मोठ्याच्या वर काही नसतं, मग इथे तरी काय असणार? खालची बारीक अक्षरं त्याने आज वाचली. मोठा म्हणजे अर्धी रुंदी, अर्धी उंची. चार वाट्यांतली एकच वाटी ठेवायची आणि तीन समुद्रात!

त्याने 'पूर्ण' निवडलं. कॅसेट कुरकुरत फिरली आणि देवाच्या कृपेने शेवटपर्यंत गेली. पण फडक्याचा क्षण थांबवून पाहिला, तर हातांना फणीसारखे दात फुटलेले.

"गेलं," रतन म्हणाला. "हा कॅमेरा आधी चित्राच्या एकाआड एक ओळी टिपतो, मग डोळा मिटायच्या आत मधल्या ओळी. तेवढ्यात हात पुढे गेला की असे दात दिसतात."

किशोरी बोंबील वाळवायच्या वलांडीवरून नुकतीच आली होती. तिने पदराला हात पुसले.

"म्हणजे ओले नि सुके एकाच दांडीवर टांगलेत. वेगळे करा की!"

 रतनने लगेच ओळी न जुळवता आधीच्या आणि मधल्या ओळी वेगवेगळ्या दाखवल्या. आता एका चित्राची दोन झाली. पहिल्यात बाळाजीच्या होडीवरचा हात फडक्यावर होता आणि सदाच्या गड्याचा चार बोटं लांब. दुसऱ्यात दोन्ही हात फडक्यावर.

"बाळाजी जिंकला गो!" रतन ओरडला. आणि लगेच पडद्याजवळ वाकला. फडकं धरणारा उजवा हात मोकळा होता, पण होडीची कड धरलेल्या डाव्या हातात हिरवा चुडा लखलखत होता. लग्नात उजव्या हातातला चुडा समुद्राला वाहायचा ही कोळणींची रीत. डोक्याला रुमाल बांधून, गड्याचा शर्ट घालून नाळेवर बसली होती ती बाळाजीची बायको नीराबाई. शर्यतीत बायकांना मनाई होती.

आता हे मांडवात लावायचं कसं? नवरीची आई ती. रतन चाचरत तिच्याकडे गेला.

"वहिनी, तेव्हा शर्यतीचं चित्र 'मोठं' उतरवलेलं. आता पूर्ण आकारात... बांगड्या दिसतात."

नीराबाई खदखदून हसली. "गड्याला ताप भरलेला, भावजी. होडी काय घरी ठेवायची? आमच्या ह्यांना खरं सांगता येईना, म्हणून इतकी वर्सं 'बरोबरी झाली' म्हणत बसलेत. लावा तुम्ही, बिनधास्त लावा!"

हळदीला सदाच्या दारातल्या मांडवात पांढरी चादर ताणली. चित्र थांबलं आणि आधी चार बोटं अंतर दिसलं. मग कोणीतरी ओरडलं, "अरे, चुडा बघा चुडा!" मांडवभर हशा उसळला. म्हाताऱ्या बायकांनी टाळ्या पिटल्या.

सदा उठला. "म्हंजे मी बाईकडनं हरलो?"

"बाईकडनं न्हाय," नीराबाई म्हणाली, "विहिणीकडनं."

सदाने कमरेला हात लावून डोळे वटारले. मग घरात गेला आणि पेटीतलं अर्धं लाल फडकं घेऊन आला. ते त्याने नीराबाईच्या हातावर ठेवलं आणि रतनकडे वळला.

"शूटिंगवाल्या, जिंकणारी दिसली रं बाबा! आता ते ड्रोनवाले वरनं काय टिपायचं ते टिपू देत. पोराच्या लग्नात माणसं तू टिपायची."

"व्हय," नीराबाई म्हणाली, "आणि 'मोठं' नको, पूर्ण पायजे!"

बँजो सुरू झाला. दोन्ही व्याही विहिणीला मध्ये घेऊन नाचायला लागले.  रतनने पिशवीतून कोरी कॅसेट काढली आणि कॅमेरा डोळ्याला लावला.