पाच पवनचक्क्यांचं एस्टिमेट

पवनचक्की उभी करायला खर्च किती येतो, असं कुणी विचारलं की मी आकडा सांगत नाही. किस्से सांगतो. दीड वर्षात आमची एस्टिमेटची फाईल जाड होत गेली तसे हेही साठत गेले, आणि फाईलमधल्या निम्म्या कागदांपेक्षा हे जास्त खरे आहेत.

साल चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी. मी नुकताच इंजिनिअर होऊन कोल्हापुरातल्या एका सरकारी कार्यालयात लागलो होतो. काम एकच. पश्चिमेकडच्या एका पठारावर पाच पवनचक्क्या उभारून तिथल्या वाडीला वीज द्यायची. त्या वाडीत तोवर विजेचा खांबसुद्धा पोचला नव्हता. पंच्याऐंशीच्या सप्टेंबरच्या आत एस्टिमेट मंजूर झालं नाही, तर योजनेचा पैसा दुसऱ्या जिल्ह्याला जाणार होता. मला वाटलं, महिन्याभराचं काम आहे. वयच तसं होतं!

*

आमचे हेडक्लार्क सुतारअण्णा. नोकरीची तीस वर्षं झालेली, आणि छापील फॉर्मशिवाय कागदाला हात लावायचा नाही हा नेम. पवनचक्कीचा फॉर्म सरकारनं छापलेलाच नव्हता. अण्णांनी कपाट धुंडाळून त्यातल्या त्यात जवळचा फॉर्म काढला. विहिरीचा.

त्यात एक रकाना होता, ‘खोली’. मी म्हटलं, अण्णा, आपला टॉवर साठ फूट वर जातो, खाली नाही. अण्णांनी चष्मा पुसला, थोडा विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘वजा साठ फूट’.

पुढं त्या फाईलवर शंभर शंका निघाल्या. या रकान्यावर एकही नाही.

*

परदेशी पात्यांचा दर पाहून माझे डोळे पांढरे झाले. म्हटलं, कोल्हापूरला फौंड्र्या आहेत, ऑईल इंजिनं इथं होतात, मग पाती का होऊ नयेत? ड्रॉइंग घेऊन उद्यमनगरातल्या एका कारखानदाराकडं गेलो. मालकांनी चहा मागवला, ड्रॉइंग उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, वजन किती?

त्यांच्या धंद्यात सगळा दर किलोवर. मी अभिमानानं सांगितलं की हे फायबर आहे, आतून पोकळ, अगदी हलकं. जितकं हलकं तितकं चांगलं फिरणार. मालकांना माझी दया आली.

“साहेब, तुमास्नी कुणीतरी फसवाय लागलंय. एवढ्या पैशात पोकळ माल? मी त्याच पैशात भरीव देतो की. तिप्पट वजन भरलं न्हाय तर नाव बदला.”

*

पाती वर न्यायला क्रेन हवी, क्रेनला रस्ता हवा. रस्त्याची आखणी आमच्या ड्राफ्ट्समननी, मुजावरचाचांनी केली. सरळ, देखणी, चार वळणांची. मग वाडीत बैठक झाली. चक्क्यांबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. त्या कुठंही उभ्या करा, रस्ता तेवढा आमच्या दारावरनं जाऊ दे, एवढंच प्रत्येकाचं म्हणणं. आम्ही नाही म्हटलं, तर रस्त्याला जमीन मिळत नव्हती. तिसऱ्या बैठकीनंतर वळणं एकवीस झाली आणि रस्त्याचा खर्च पाचही चक्क्यांच्या वर गेला.

चाचांनी नवा नकाशा माझ्यापुढं पसरला आणि शांतपणे विचारलं, “साहेब, हा रस्ता डोंगर चढायला चाललाय का घरोघरी आमंत्रण द्यायला?”

*

फाईल मुंबईला गेली आणि परत आली. शेरा होता : इंधनाचा वार्षिक खर्च दाखवलेला नाही.

मी रागारागानं उत्तर लिहिलं की इंधन म्हणजे वारा आणि तो फुकट असतो. फाईल पुन्हा गेली, पुन्हा आली. शेरा : फुकट असल्याचा दाखला जोडावा.

मी राजीनामा लिहायला बसलो होतो. अण्णांनी हातातला कागद काढून घेतला आणि मला एसटीत बसवून त्या गावच्या तलाठ्याकडं पाठवलं. तलाठी हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. दप्तर काढून त्यांनी पठाराचे सातबारा उतारे एकेक करून बोटानं तपासले.

“वाऱ्याला कुणाचं नाव लागलेलं न्हाय,” ते म्हणाले. “कूळ न्हाय, बोजा न्हाय. फुकटच हाय म्हणायचा. देतो दाखला.”

शिक्का मारून दिला.

*

या सगळ्या काळात पठारावर वारा मोजणं चालू होतं. एक खांब, त्यावर चार फिरत्या वाट्या, खाली आकडे पडणारी पेटी. वर्षभराच्या नोंदी झाल्या की वारा ठरणार, वाऱ्यावर वीज ठरणार, आणि विजेवर हा खर्च परवडतो का ते ठरणार. नोंदी लिहायला वाडीतले बापू ठेवले होते. चौथी शिकलेले, पण अक्षर टपोरं. एक दिवस चुकवला नाही.

वर्षाची वही हातात आली. जून ठीक. आषाढ-श्रावणाचे सलग चाळीस दिवस : शून्य, शून्य, शून्य. ज्या दिवसांत त्या पठारावर माणूस उभा राहत नाही, ते दिवस!

मी धावत वाडी गाठली. बापूंनी निवांतपणे सांगितलं की वारा वाढायला लागल्यावर ते खांबावर चढले आणि वाट्या सुंभानं घट्ट बांधून आले.

“बांधल्या? का?”

“आषाढात आमी बैल तरी भाईर ठेवतो व्हय? ही तर सरकारी वस्तू. मोडली असती म्हणजे मोजायचं कशानं?”

‘यंत्र मोडल्यास भरपाई पगारातून’ या कागदावर त्यांची सही मीच घेतली होती.

*

त्या चाळीस शून्यांनी हिशेब बसेना. एकच मार्ग उरला. वरून एका मोठ्या साहेबांनी येऊन वारा प्रत्यक्ष पाहायचा आणि तसं लिहून द्यायचं. अर्जविनंत्या करून मी त्यांना पुढच्या आषाढातच आणलं.

जीप पठारावर आली तेव्हा बापू खांबाला मिठी मारून उभे होते. वाट्या इतक्या वेगात फिरत होत्या की चार दिसतच नव्हत्या, एक धुरकट कडं दिसत होतं. माझा आनंद पोटात मावेना. साहेबांनी दार उघडलं. दार हातातून सुटलं आणि बिजागरीसकट मागं वळलं. टोपी गेली, ती कोकणात गेली असावी. ड्रायव्हरनं आणि मी मिळून दार ओढून दोरीनं बांधलं. साहेब आत बसून राहिले. मी बाहेरून काचेवर वाकून ओरडत होतो, वाट्यांकडं बोट दाखवत होतो. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि ड्रायव्हरला गाडी वळवायची खूण केली.

आठ दिवसांनी अहवाल आला. अण्णांनी तो उभं राहून वाचून दाखवला :

“अतिवाऱ्यामुळे जागेची पाहणी होऊ शकली नाही. सबब, सदर ठिकाणी वारा असल्याची खात्री होईपर्यंत खर्चास मान्यता देऊ नये.”