पल्लवी मॅडमची चिठ्ठी

पल्लवीचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटलेत. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून ही नागपूरहून उज्जैनला आली काय, आणि बघता बघता फ्रीगंजातल्या आमच्या शाळेची लाडकी झाली काय! मी इथे जन्मभर गणित शिकवतेय, मला नाही कोणी कधी टाळ्या वाजवल्या.

हिला मिळाली कॉम्प्युटरवर गणिताचा सराव घ्यायची लॅब, आणि त्यातले निम्मे कॉम्प्युटर बंद. दुसरी असती तर प्रिन्सिपलपुढे रडली असती. हिने एकेका कॉम्प्युटरपुढे तीन मुलं बसवली. एकाच्या हाती माऊस, दुसरा गणित वाचणार, तिसरा विचारणार, "क्यों?" दोघांना पटल्याशिवाय माऊसवाल्याने बटण दाबायचं नाही. वर परीक्षेला चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल त्याने एकट्याने सोडवायचं, मार्क मात्र तिघांना! हा काय जुगार आहे? मी स्टाफरूममध्ये म्हटलंसुद्धा. पल्लवी हसली. "कुसुमताई, एकदा येऊन तर बघा." हसते तेव्हा आणखीच डोक्यात जाते.

खरं दुखणं वेगळंच. माझी इशिता सातवीत, हिच्याच लॅबमध्ये. गणिताच्या बाईंची मुलगी आणि अपूर्णांक बघून रडते! घरी मी शिकवायला बसले की माझा आवाज चढतो, तिचं तोंड बंद होतं. आणि परवा तीच म्हणते, "आई, तू राहू दे. माझ्या कॉम्प्युटरवरचे निखिल आणि सुहास बरोबर समजावतात." माझा नुसता जळफळाट झाला. पोरगी माझी, विषय माझा, आणि जमलं तर नाव होणार पल्लवीचं!

परीक्षेच्या दिवशी मी लॅबच्या दारात जाऊन उभी राहिले. या तिघांतून चिठ्ठी निघाली इशिताची. महाकाला, लाज राख रे बाबा! निखिल आणि सुहास मागे सरले. इशिता अडली. ओठ हलवत स्वतःलाच "क्यों?" म्हणाली, छेद सारखे केले, बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण! बाई गं, माझे डोळेच भरून आले. मी हात पुढे केले. ती उठली आणि सरळ त्या दोघांकडे धावली. तिघं एकमेकांना टाळ्या देत नाचायला लागली.

मी पल्लवीकडे बघितलं. म्हटलं, हिच्याकडेही कोणी फिरकलं नाही, लागलं असेल हिलाही. तर ही मजेत पुढची चिठ्ठी उलगडत होती.

"तुला काहीच वाटत नाही?" मी चिडून विचारलं.

"कशाचं, ताई?"

तिला खरंच कळलं नव्हतं. त्या क्षणी मला तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा आजवर कधीच वाटला नव्हता.