पडद्याच्या मागून दिसलेला करीम

पन्नास मैल धक्के खात सिनेमाला जाणारा माणूस शहाणा नसतो, असं आई तेव्हाच म्हणाली होती. साठ-एकसष्टची गोष्ट. फाळणीत सरहद्दीपलीकडे राहिलेल्या एका मुलाचं नाव बदलतं आणि मोठेपणी आपण कोण हे त्यालाच उमगत नाही, असा तो चित्रपट. यवतमाळातून तो चार दिवसांत उतरला, माझा राहूनच गेला. मारेगावला टुरिंग टॉकीजच्या तंबूत तोच लागलाय असं कळलं, तसा निघालो.

करंजीला एसटी बदलली. पुढे खडीचा रस्ता, दोन्हीकडे कपाशी. मारेगावात उतरून आलुबोंडे हाणले, तिखटाने नाक गळायला लागलं. या खादाडीत तंबूतली समोरची चार आण्यांची जागा भरली. मग दोन आणे देऊन पडद्याच्या मागे बसलो. तेव्हा तशी पद्धतच होती; कापडातून चित्र मागेही दिसायचं, फक्त उलटं.

आधी गंमत वाटली, मग अंगावर काटा आला. पडद्यावर सगळेच डाव्या हाताने जेवत होते, दुकानांच्या पाट्या वाचता येत नव्हत्या. पुढे निर्वासितांचा काफिला आला. ती दृश्यं खरीखुरी, त्या वेळीच टिपलेली आहेत, असं लोक म्हणत. शेजारची म्हातारी उठून पडद्यापाशी गेली आणि गालावर भाजल्याचा डाग असलेल्या एका माणसाच्या तोंडावर तिने तळहात ठेवला. तो माणूस चालत निघून गेला. ती परत येऊन बसली. आजूबाजूचं कुणी हललंसुद्धा नाही.

खेळ सुटल्यावर मशीन चालवणारा रशीद चहाच्या टपरीवर भेटला. म्हातारी त्याची अम्मी. थोरला भाऊ करीम अमृतसरच्या गिरणीत फिटर होता, फाळणीत हरवला. पत्र नाही की खबर नाही. त्याच्या उजव्या गालावर असाच डाग होता. या एका चित्रपटापायी रशीद अम्मीला घेऊन तंबूबरोबर गावोगाव हिंडत होता.

"समोरून पाहाल तं डाग डाव्या गालावर हाये, साहेब," तो हळूच म्हणाला. "म्हणून तिले मांगंच बसवतो. तुमी सांगू नका."

मी मुक्काम वाढवला. दुसऱ्या संध्याकाळी समोर बसलो. डाग खरंच डाव्या गालावर होता. बघता बघता तो गाल आतून फुगला आणि त्यावर पाच बोटं उमटली. मागे कोण आहे हे ठाऊक असूनही मला भीती वाटली.

सकाळी स्टँडवर म्हातारी मला शोधत आली. काल तुला समोर बसलेलं पाहिलं, म्हणाली. मी खोटं बोलायची तयारी करत होतो.

"म्याबी एक डाव समोरून पाह्यलं, बेटा. तो माहा करीम नोहे. मांगून पाह्यलं का माहा होते. रशीदले सांगू नोको. त्याले वाटते, मले समजत नाही."

तुम्ही गेलात तर रस्ता आता चांगला आहे. तंबू मात्र दिसणार नाही. मी घरी पोचलो तेव्हा आईने विचारलं, होता का पन्नास मैलांच्या लायकीचा? नुसतं हो म्हणालो. त्या दोघांनी एकमेकांपासून लपवलेली एकच गोष्ट मला सांगून ठेवली होती. आता दोघंही नसतील, म्हणून लिहिलं.