खिडकीची बोली

बाबांना खिडकी लागते. एसटीत, विमानात, हॉटेलात, अगदी दवाखान्यात नंबर येईपर्यंत बसायचं असलं तरी. पुण्याच्या घरी ते डिसेंबरातही खिडकी उघडी टाकून झोपायचे आणि आई कानटोपी घालून. सकाळी डोळे उघडले की घड्याळाकडे न बघता बाहेर बघायचे आणि वेळ सांगायचे. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे, पण बरोबर असायची.

हे मला जन्मापासून माहीत. तरीही क्रूझची तिकिटं काढताना मी आईबाबांना बिनखिडकीची केबिन घेतली. जहाजाच्या पोटात असते ती, चारी बाजूंना नुसत्या भिंती. ती स्वस्त होती, आणि आम्ही सिडनीच्या एका टोकाला, स्कोफिल्ड्सला, नुकतंच घर घेतलं होतं. खोलीत काय झोपायलाच जायचं, दिवसभर डेकवर बसा, असं मी दोघांना पटवलं. माणसाला दुसऱ्याच्या वतीने काटकसर फार छान जमते.

दोघं जानेवारीत सिडनीला आले होते, सहा महिन्यांसाठी. ज्याला काठच दिसत नाही असा समुद्र एकदा बघायचा, ही आईची जुनी इच्छा. म्हणून मार्चमधली दहा दिवसांची फेरी घेतली, सिडनीहून निघून बेटं बघून सिडनीलाच परत. फेब्रुवारीत एका संध्याकाळी जहाज कंपनीची ईमेल आली. वरच्या दर्जाच्या काही केबिन्स रिकाम्या आहेत, बाल्कनीवाल्या, त्यासाठी तुम्ही बोली लावू शकता. खाली एक पट्टी होती आणि शेजारी मीटरसारखा काटा. पट्टीवरचा ठिपका डावीकडे सरकवला की काटा लाल भागात जायचा आणि "कमजोर बोली" असं यायचं. उजवीकडे सरकवला की हिरवा व्हायचा.

नवरा म्हणाला, हिरव्यात टाक आणि विषय संपव. मीही तेच करणार होते. तेवढ्यात बाबांनी विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं आणि त्यांनी चष्मा मागितला.

बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात होते. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांचे भाव पाडले. त्यांची एक पद्धत होती आणि ती त्यांनी मला सहावीत दप्तर घेताना शिकवली होती. दुकानदाराचा भाव शांतपणे ऐकायचा, त्याच्या निम्मा सांगायचा, तो हसला की आपणही हसायचं, आणि पाठ फिरवून चालायला लागायचं. मागे बघायचं नाही. आठव्या पावलाच्या आत मागून हाक येते. दप्तराच्या वेळी मी त्यांचं बोट धरून पावलं मोजत होते. सातव्याला हाक आली, "ओ साहेब, या, तुम्ही म्हणाल तो भाव." बाबांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले होते.

त्या संध्याकाळी त्यांनी ठिपका डाव्या टोकाला नेऊन ठेवला. काटा लाल झाला. आमची दहा वर्षांची लेक म्हणाली, "आजोबा, दॅट्स द लोएस्ट वन." बाबा म्हणाले, तेच तर. खोल्या रिकाम्या आहेत असं त्यांनी स्वतःच सांगितलंय, म्हणजे गरज त्यांना आहे.

मी ऑफिसात असलेच फॉर्म बनवते. माझं पोट त्यावर चालतं. अशा पट्टीच्या मागे काय असतं ते मला ठाऊक आहे. एक तक्ता असतो, त्यात आकडे मोठ्यापासून छोट्यापर्यंत आपोआप लागतात आणि वरून खोल्या वाटल्या जातात. गल्ल्यावर कुणी बसलेलं नसतं. पाठ फिरवलेली बघायला तिथे कुणी नसतं. हे सगळं माहीत असून मी बोली पाठवली.

का पाठवली तेही सांगते. त्या महिन्यात बाबा दोनदा चहा पिऊन तिसऱ्यांदा "चहा झाला का" विचारायचे. एकदा फिरून आले ते शेजाऱ्यांच्या दाराची बेल वाजवत उभे राहिले. आमच्या भागातली घरं एकाच साच्यातली, म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेलं. पण रात्री मी फोनवर विसराळूपणाबद्दल वाचत बसले होते. आणि आज ते टेबलाशी बसून, चष्मा नाकावर घेऊन, अगदी पूर्वीचे बाबा झाले होते. मला ते मोडायचं नव्हतं. मी बटण दाबल्यावर ते खुर्ची मागे सारून उठले आणि खरोखर पाठ फिरवून हॉलकडे चालायला लागले. आई तोंडाला पदर लावून हसत होती. मीही हसले.

बोली लागली तरच आम्ही कळवू, असं ईमेलमध्ये लिहिलं होतं. बाबा रोज सकाळी विचारायचे, "हाक आली का गं?" मी म्हणायचे, अजून नाही. निघायच्या दोन दिवस आधीपर्यंत "बोली बदला" हे बटण चालू होतं. मी दोनदा ते पान उघडलं. नवरा म्हणाला, अगं, वाढव की गुपचूप. पण मग बाबांना सांगायचं काय, हा प्रश्न मला तेव्हा मोठा वाटला. पान मिटलं. हाक आली नाही.

दोघं मार्चच्या सुरुवातीला निघाले, तेव्हा इथे लोक साथीच्या भीतीने टॉयलेट पेपरवरून भांडत होते आणि त्याचे विनोद फोनवर फिरत होते. पहिले चार दिवस आईचे फोटो आले. काठ नसलेला समुद्र, बुफेतली कलिंगडं, गॉगल लावलेले बाबा. मग एका बेटाने जहाजाला नकार दिला, मग दुसऱ्याने. सहाव्या दिवशी काही प्रवाशांना ताप आला आणि सगळ्यांना आपापल्या केबिनमध्ये जाऊन दार लावायला सांगितलं. जहाज सिडनीकडे परत आलं आणि बंदराबाहेर नांगर टाकून उभं राहिलं. आत कधी घेणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

आई व्हॉट्सअपवर फोन करायची आणि आवाज बारीक ठेवून बोलायची, कारण बाबा तिथेच चार फुटांवर असायचे. दिवा बंद केला की मिट्ट काळोख, लावला की दुपार. ते भलत्याच वेळी उठून अंघोळ करतात, म्हणाली. दाराबाहेर नाश्ता ठेवला की ती त्यांना सांगायची, सकाळ झाली. ते म्हणायचे, कशावरून.

दार लावल्याच्या तिसऱ्या दिवशी तिला टीव्हीवर एक चॅनल सापडलं. जहाजाच्या पुढच्या टोकाला कॅमेरा असतो, त्याचं चित्र चोवीस तास दिसायचं. तिने टीव्हीभोवती आपली निळी ओढणी पडद्यासारखी अडकवली आणि बाबांना सांगितलं, ही आपली खिडकी. ते खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, सव्वासहा. आईने घड्याळ बघितलं, सहा वीस झाले होते. हे सांगताना ती रडली. तोपर्यंत ती एकदाही रडली नव्हती.

मी इकडे फोन करत होते. कंपनीला, सरकारी हेल्पलाइनला, वकिलातीला. तासन्‌तास तेच संगीत ऐकायचं. शेवटी कंपनीची एक मुलगी लाइनवर आली. मी तिला सांगितलं की माझ्या वडिलांना खिडकीची केबिन द्या, काय वाटेल ते घ्या, सर्वांत वरची बोली समजा. ती फार नम्र होती. म्हणाली, या फेरीची बोली बंद झाली आहे. आणि आता कुणालाही केबिन बदलू देत नाहीत. मी तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, मी समजू शकते. मी म्हणाले, तू नाही समजू शकत, आणि फोन आपटला. नंतर मला त्या मुलीचीच दया आली, पण तिला पुन्हा गाठायला आणखी तीन तास लागले असते.

पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी मला समजावलं की बाबांचं विसरण्याचं दुखणं आधीच सुरू झालं होतं, त्या खोलीने फक्त घाई केली. "फक्त" हा शब्द त्यांचा.

दार लावल्याच्या विसाव्या दिवशी आईचा फोन आला की टीव्हीत आज जमीन दिसतेय. तपकिरी कडा, वर हिरवळ, एक पांढरी पाण्याची टाकी. मी नकाशा उघडला. ती टाकी आमच्यापासून तासाभरावर होती. तोपर्यंत कारणाशिवाय घराबाहेर पडायला बंदी आली होती आणि माझं कारण कुठल्याच यादीत नव्हतं. नवरा म्हणाला, दंड झाला तर झाला. लेकीने गेस्टरूममधून आईने आणलेली लाल सोलापुरी चादर उचलली.

कड्यावर वारा मरणाचा होता. जहाज समोर होतं, पांढरं, बोटभर. त्याच्या कडेला बाल्कन्यांच्या रांगाच रांगा, आणि त्यांतल्या कित्येक रिकाम्या. मी फोनच्या कॅमेऱ्यातून मोठं करून बघून घेतलं. नवरा गाडीपाशी थांबला. लेकीने चादरीची दोन टोकं धरली, मी दोन, आणि फोन स्पीकरवर टाकून गवतावर ठेवला.

"दिसतंय," आई म्हणाली. "लाल ठिपका दिसतोय."

मग बाबांचा आवाज आला. "काय आहे ते?"

"तुमची लेक आहे. नातही आहे. चादर धरून उभ्या आहेत."

बाबांनी विचारलं, "मग इतक्या लांब का उभ्या आहेत?"

लेक चादर हलवत ओरडत होती, "आजोबा, हाय," वारा ते उलटं आमच्याच तोंडावर आणत होता. असं पाच मिनिटं चाललं, फार तर सहा. मग आई म्हणाली, हलू नका गं. मी म्हणाले, आम्ही नाही हललो. ती म्हणाली, टीव्हीच्या कडेला चालल्या आहात तुम्ही. तेव्हा मला समोर दिसलं की जहाजच वळतंय. नांगरलेलं जहाज वाऱ्याबरोबर गोल फिरतं, हे मला माहीत नव्हतं. हळूहळू त्याचं टोक आमच्यावरून सरकून उघड्या समुद्राकडे जात होतं. मी दोन्ही हात ताणून चादर वर धरली होती आणि याहून जास्त मला काही करता येत नव्हतं.

"चालली ती," बाबा म्हणाले. "अगं, हाक मार तिला. आठ पावलं होऊन गेली."

"अहो, ती फोनवर आहे, इथे बोला."

ते फोनवर बोलले नाहीत. त्यांचा आवाज लांबून आला, टीव्हीच्या बाजूने, सगळा जोर लावून काढलेला.

"बाळ, ये मागे. तू म्हणशील तो भाव."

लेकीने मला विचारलं, आजोबा काय म्हणाले. मी तिला सांगितलं, चादर आणखी वर धर.